पी०४५५ गेला, पी०४५६ आला: इंधनवाफेच्या गळतीचे एक प्रकरण

गाडी दहा वर्षांची, पेट्रोलवर चालणारी. टाकी प्लॅस्टिकची, पण पेट्रोल ओततात तो पाइप, म्हणजे फिलर नेक, पत्र्याचा. मालकीण माझी थोरली बहीण. तक्रार एवढीच की चेक इंजिनचा दिवा लागला आहे. पिकअप चांगला, मायलेज नेहमीचे, आयडलिंगला थरथर नाही. टाकीचे झाकण बदलून बघ असे तिला कोणीतरी सांगितले होते. तिने झाकण बदलून कोड, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदलेला दोषाचा क्रमांक, पुसून घेतला, दिवा विझला, आणि मग एका सकाळी पुन्हा लागला.

कोड वाचणारा स्कॅनर लावल्यावर पी०४५५ निघाला. याचा अर्थ इंधनवाफेच्या यंत्रणेत मोठी गळती. कोड पुसण्याआधी फ्रीज फ्रेम टिपून ठेवली, म्हणजे कोड नोंदला गेला त्या क्षणी गाडीची स्थिती काय होती त्याची नोंद. टाकी साठ टक्के भरलेली, इंजिन नुकतेच थंड अवस्थेतून सुरू झालेले. हे आकडे कंटाळवाणे वाटतात, पण यातून एक गोष्ट पक्की झाली: चाचणी योग्य परिस्थितीत झाली होती, कॉम्प्युटरने उगाच बोंब मारलेली नव्हती.

यंत्रणा करते काय

टाकीतले पेट्रोल गाडी उभी असतानाही उडतच असते. ही वाफ हवेत सोडायची नाही हा नियम कॅलिफोर्नियात १९७० च्या मॉडेलपासून आणि उरलेल्या अमेरिकेत १९७१ पासून आला. तेव्हापासून टाकीची वाफ एका डब्यात नेली जाते. त्या डब्याला कॅनिस्टर म्हणतात आणि त्यात सक्रिय कोळसा भरलेला असतो. या कोळशाच्या एका ग्रॅमच्या आत शेकडो चौरस मीटर पृष्ठभाग दडलेला असतो आणि वाफ त्याला चिकटून राहते. इंजिन चालू झाले की पर्ज व्हॉल्व्ह उघडतो, इंजिनच्या ओढीने कॅनिस्टरमधून ताजी हवा वाहते, आणि ती हवा कोळशावरची वाफ सोबत घेऊन इंजिनात जाते. तिथे वाफ जळते.

ताजी हवा आत येते ती व्हेंट व्हॉल्व्हमधून. दोन्ही व्हॉल्व्ह विजेवर चालतात, पण स्वभाव उलट: वीज नसताना पर्ज बंद असतो आणि व्हेंट उघडा. हे डोक्यात नीट बसले की अर्धे निदान झाले समजा.

अमेरिकेत १९९६ च्या ओबीडी-२ पासून, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष ओळखून कोड नोंदवायच्या प्रणालीपासून, कॉम्प्युटर या यंत्रणेची गळती स्वतः तपासू लागला. आधी १ मिलीमीटर व्यासाच्या छिद्राएवढी गळती पकडायची अट होती, २००० च्या मॉडेलपासून टप्प्याटप्प्याने ती ०.५ मिलीमीटरवर आली. पद्धती वेगवेगळ्या आहेत. काही गाड्यांत छोटा पंप असतो, काहींत इंजिन बंद झाल्यावर टाकी निवताना आपोआप पडणारा व्हॅक्यूम वापरतात. या गाडीत चाचणी इंजिनच्या ओढीने होते: व्हेंट बंद करायचा, पर्ज उघडून टाकीत हलका व्हॅक्यूम तयार करायचा, मग पर्जही बंद करायचा आणि टाकीच्या प्रेशर सेन्सरवर नजर ठेवायची. व्हॅक्यूम टिकला तर यंत्रणा घट्ट. हळूहळू उतरला तर गळती लहान. मुळात तयारच झाला नाही तर गळती मोठी.

हे शेवटचे वाक्य जपून वाचायला हवे. व्हॅक्यूम तयार न होण्याचे कारण भोकच असेल असे नाही. पर्ज व्हॉल्व्ह उघडत नसेल, त्याची नळी तुंबली असेल किंवा व्हेंट नीट मिटत नसेल, तरी कॉम्प्युटरला दिसते तेच: दाब हलला नाही. म्हणजे पी०४५५ वर ‘गळती’ असे छापलेले असले तरी तक्रार एखाद्या व्हॉल्व्हबद्दलची असू शकते.

ही चाचणी दर वेळी होत नाही. बहुतेक गाड्यांत टाकी साधारण १५ ते ८५ टक्क्यांच्या मध्ये हवी, गाडी रात्रभर उभी राहून थंड झालेली हवी आणि बाहेर फार ऊन किंवा फार गारठा नको. वर, दिवा लागायला लागोपाठ दोन चाचण्या नापास व्हाव्या लागतात. ताईने झाकण बदलल्यावर दिवा विझलेला राहिला तो झाकणामुळे नव्हे, तर कॉम्प्युटरला परीक्षा घ्यायची संधी मिळाली नव्हती म्हणून. झाकण बदलणे ही वाईट सुरुवात नाही. रबर चिरलेले असेल किंवा नेकच्या तोंडाची कड गंजलेली असेल तर दोष तिथेच असतो. इथे जुने झाकणही हाताशी होते. दोघांची रबरे मऊ आणि अखंड, कड गुळगुळीत. तो विषय तिथे संपला.

पहिला दोषी

पर्ज व्हॉल्व्ह इंजिनापाशी असतो आणि हात सहज पोहोचतो, म्हणून आधी तो. गार इंजिन आयडलिंगला ठेवले, कॅनिस्टरकडून येणारी नळी व्हॉल्व्हपासून काढली आणि व्हॉल्व्हच्या तोंडावर बोट ठेवले. ओढ नाही, म्हणजे तो बंद राहतो. स्कॅनरवरून उघडायचा हुकूम दिल्यावर बोट खेचले गेले, म्हणजे उघडतोही. हा व्हॉल्व्ह उघडाच अडकला असता तर लक्षणे वेगळी दिसली असती. पेट्रोल भरून निघताना गाडी सुरू व्हायला कुरकुरते, आयडलिंग डगमगते, आणि कोड बहुधा पी०४९६ येतो.

व्हेंट व्हॉल्व्ह मागे, कॅनिस्टरच्या अंगाला, चाकाच्या कमानीच्या आतल्या बाजूला होता. इंजिन बंद, इग्निशन चालू, स्कॅनरवरून हुकूम: टिक असा स्वच्छ आवाज आला. बरेच जण इथे थांबतात आणि व्हॉल्व्ह चांगला म्हणून पुढे जातात. टिक एवढेच सांगते की कॉइल शाबूत आहे आणि आतला दट्ट्या हलला. तो आपल्या बैठकीवर घट्ट टेकला का, हे टिक सांगत नाही.

व्हॉल्व्ह काढून गाडीपासून लांब टेबलावर नेला. लांब अशासाठी की आता त्याला फ्यूज लावलेल्या वायरींनी थेट १२ व्होल्ट द्यायचे होते आणि वायर टेकवताना ठिणगी पडतेच. वीज देऊन तो बंद केला आणि एका तोंडाला हाताचा व्हॅक्यूम पंप लावला. काटा चढला आणि लगेच पडला. पुन्हा तेच. व्हॉल्व्ह मिटत नव्हता.

आता बदलून मोकळे व्हायचा मोह होतो, पण तो का बिघडला हे कळल्याशिवाय नवा बसवला तर त्याचेही तेच होणार. व्हॉल्व्ह पांढऱ्या कागदावर आपटला. काळे चकचकीत दाणे पडले असते तर कॅनिस्टर आतून फुटून कोळसा सुटला आहे असे समजायचे, आणि मग एकट्या व्हॉल्व्हने भागत नाही. पडली ती तपकिरी धूळ. धूळ बाहेरची, म्हणजे हवा येते त्या वाटेने आलेली. ती वाट चाचपत गेल्यावर दिसले की व्हेंटची नळी आत येणारी हवा गाळणाऱ्या गाळणीपासून निसटून चाकाच्या मागे लोंबकळत होती. पर्ज उघडला की चाकाने उडवलेली माती सरळ आत ओढली जात होती.

याच नळीचा उलटा आजारही असतो, तुंबण्याचा. २०११ मध्ये माझदा कंपनीने अमेरिकेत ‘माझदा ६’ गाड्या परत बोलावल्या होत्या, कारण एका जातीचे पिवळे कोळी व्हेंटच्या नळीत जाळी विणत होते. पेट्रोलचा वास त्यांना आवडतो म्हणे. हवा आत येईना की टाकीत व्हॅक्यूम साचतो आणि टाकीला तडा जाण्याची भीती असते. असे मला पहिल्यांदा कोणी सांगितले असते तर मी थट्टा समजलो असतो.

नवा व्हेंट व्हॉल्व्ह बसवला. नळी धुऊन, वाळवून, नव्या क्लिपने गाळणीला जोडली आणि चाकाचा फवारा लागणार नाही अशी वर बांधली. स्कॅनरवर टाकीचा दाब पाहत तीच चाचणी हाताने चालवली, व्हेंट बंद आणि पर्ज उघडा. आधी ही रेघ जागची हलत नव्हती. आता ती सरळ खाली गेली.

आणि तरी दिवा लागला

कोड पुसला, गाडी वापरात गेली, आणि काही काळाने दिवा परत. या वेळी कोड पी०४५६: अगदी बारीक गळती. ताईचा फोन आला. “अरे, तू दुरुस्त केलंस म्हणालास ना? मग हे काय?”

प्रश्न रास्त होता, पण उत्तर त्या कोडमध्येच होते. मोठी गळती असताना कॉम्प्युटर बारीक गळतीची परीक्षा घेतच नाही. व्हॅक्यूमच तयार होत नसेल तर तो किती वेगाने उतरतो हे मोजणार कसे? पी०४५५ दिसतो तोपर्यंत बारीक भोक असले तरी त्याचा पत्ता लागत नाही. पी०४५६ आला याचा अर्थ व्हेंटचे काम यशस्वी झाले, यंत्रणा आता व्हॅक्यूम धरते, आणि म्हणूनच मागे लपलेले भोक पहिल्यांदा दिसले. माझ्या मते या यंत्रणेच्या दुरुस्तीत सगळ्यात जास्त पैसा वाया जातो तो याच वळणावर. लोक नुकताच बसवलेला चांगला भाग सदोष ठरवून परत काढतात, किंवा वैतागून कॅनिस्टर, झाकण, पर्ज असे सगळे एकदम बदलतात आणि भोक तसेच राहते.

“ताई, आधीचा कोड परत आला असता तर मी हरलो असतो. हा वेगळा आहे,” एवढे तिला सांगितले. तिचे फारसे समाधान झाले नाही. मग मी विचारले, पेट्रोलचा वास कधी येतो का? “टाकी फुल केली की मागच्या उजव्या चाकापाशी येतो थोडा. भरताना सांडलं असेल म्हणून सोडून दिलं.” फिलर नेक त्याच बाजूला होता.

एवढ्यावर नेक काढायला घेतला नाही. आधी यंत्रणेचे दोन तुकडे केले. पर्ज व्हॉल्व्हपासून कॅनिस्टरकडची नळी सोडवून तिला हाताचा पंप लावला, स्कॅनरने व्हेंट बंद ठेवला, आणि कॅनिस्टरपासून टाकीकडे जाणारी जोडणी सोडून कॅनिस्टरच्या तोंडाला बूच लावले. एक सूचना: कडक नायलॉनच्या नळ्या चिमट्याने दाबून बंद करू नयेत, त्या तडकतात आणि नवी गळती तयार होते. जोडणीच सोडावी. या अर्ध्या भागाचा व्हॅक्यूम टिकला. काटा जागचा हलेना.

मग टाकीचा अर्धा भाग. इथे घाई करून चालत नाही. टाकीत रिकामी जागा बरीच, त्यामुळे थोडासा व्हॅक्यूम तयार करायलाही पंप बराच वेळ मारावा लागतो. शिवाय पेट्रोल स्वतः उडून दाब वाढवत राहते. उन्हात तापलेल्या किंवा नुकत्याच हिंदकळलेल्या टाकीत भोक नसले तरी काटा उतरतो. कॉम्प्युटर थंड गाडीचा हट्ट धरतो तो याचसाठी. म्हणून चाचणी भल्या पहाटे, रात्रभर जागची न हललेल्या गाडीवर केली. आधी झाकण उघडून लावले, सगळे बंद करून नुसता दाब किती चढतो ते पाहिले: जवळजवळ काहीच नाही. मग व्हॅक्यूम दिला. तो सावकाश, पण स्पष्ट उतरत गेला. गळती टाकीच्या बाजूला होती.

त्या बाजूला संशयित बरेच: नेक, नेक आणि टाकी जोडणारी रबरी नळी, पेट्रोल पंपाच्या झाकणाखालची ओ-रिंग, प्रेशर सेन्सरचे रबर, टाकीच्या माथ्यावरचे रोलओव्हर व्हॉल्व्ह, म्हणजे गाडी उलटली तर पेट्रोल बाहेर येऊ न देणारे. मागच्या सीटखालचे झाकण उघडून पंपाची वरची बाजू पाहिली. धूळ कोरडी आणि सारखी पसरलेली, ओलीचा डाग नाही, वास नाही. टाकी खाली उतरवण्याचा घाट घालण्याआधी नेक तपासणे शहाणपणाचे होते.

धूर

अर्ध्या मिलीमीटरचे भोक डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी स्मोक टेस्ट: यंत्रणेत धूर भरायचा आणि तो कुठून निसटतो ते बघायचे. आणि इथे मी थोडा वेळ घेणार, कारण घरगुती धूर यंत्रांच्या कृती सगळीकडे फिरतात: डब्यात तेल, तेलात तापणारी तार, वरून टायरच्या कॉम्प्रेसरची हवा. इंजिनच्या इनटेकमधली गळती शोधायला लोक ते वापरतात. पेट्रोलच्या टाकीला ते जोडू नये.

पेट्रोलची वाफ हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के असताना पेट घेते. बंद टाकीतल्या मोकळ्या जागेत वाफेचे प्रमाण सहसा याहून खूप जास्त असते, म्हणून तिथे ठिणगीही पेटवू शकत नाही. बाहेरून हवा भरायला लागलो की आपण ते मिश्रण पातळ करत त्याच धोक्याच्या पट्ट्यात आणतो, आणि दुसऱ्या टोकाला लाल झालेली तार असते. चांगली यंत्रे या कामाला नायट्रोजन वापरतात ती हौस म्हणून नव्हे. दुसरी गोष्ट दाबाची. या यंत्रणेला सोसतो तो दाब पाण्याच्या ३० ते ३५ सेंटीमीटर स्तंभाएवढा, म्हणजे सुमारे ३ किलोपास्कल. टायरमध्ये त्याच्या साठपट वगैरे दाब असतो. कॉम्प्रेसरचा नळ जरा जास्त उघडला तर जुनी जोडणी किंवा टाकीच्या माथ्यावरचा व्हॉल्व्ह तुटू शकतो.

मी ओळखीच्या मेकॅनिककडून नायट्रोजनवर चालणारे यंत्र मागून आणले. गाडी उघड्यावर, सपाट जागी, बाजूला पावडरचे अग्निशामक. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असल्याने ती जमिनीलगत पसरते. जवळ खड्डा, तळघर किंवा पेटता गीझर असेल तर जागा बदलायची. मागचे उजवे चाक काढून गाडी स्टँडवर घेतली, कमानीतले प्लॅस्टिकचे अस्तर उतरवले. व्हेंटच्या तोंडाला बूच लावले, कारण स्कॅनरचा हुकूम काही वेळाने आपोआप सुटतो आणि धूर तिथूनच पळतो. टाकीचे झाकण आधी उघडे ठेवून धूर सोडला. नेकच्या तोंडातून तो दिसू लागल्यावरच झाकण लावले. ही पायरी गाळली तर धूर दोषाच्या जागेपर्यंत पोहोचलाच नाही आणि आपण ‘गळती नाही’ असा निकाल देऊन बसतो.

यंत्रावरची फ्लोची गोळी, म्हणजे धूर वाहत असेल तर नळीत वर उचलली जाणारी, तळाला बसली नाही, थोडी वर तरंगत राहिली. म्हणजे कुठेतरी जात होते. टॉर्च तिरपा धरून नेकवरून सावकाश फिरवला. नेकला गाडीच्या शरीराशी धरणाऱ्या पट्टीच्या मागे, जिथे वर्षानुवर्षांचा चिखल घट्ट बसला होता, तिथून केसासारखी बारीक धुराची रेघ वर येत होती. चिखल खरवडल्यावर पापुद्रे सुटलेला गंज आणि त्यात एक टाचणीएवढे छिद्र.

नेक बदलणे

वरून पुटी लिंपून वेळ मारून नेता आली असती. मी ती लावली नाही. पुटीखाली गंज चालूच राहतो, आणि हा पाइप नुसती वाफ वाहत नाही, पेट्रोल भरताना यातूनच ते आत जाते. वेल्डिंगचा तर प्रश्नच नाही.

टाकी पाव भागावर येऊ दिली, इंजिन पूर्ण गार, बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काढलेले, ग्राइंडर आणि ड्रिल आसपासही नाही. गंजलेल्या बोल्टांना आदल्या दिवशी तेल मारून ठेवले होते, ते हाताच्या पान्याने निघाले. नेकबरोबर खालची रबरी नळीही बदलली. जुनी वाकवल्यावर तिच्यावर भेगा उमटत होत्या, आणि आता ती हातात आलेलीच होती. नवी नळी पेट्रोलसाठी बनवलेलीच घ्यावी, साधी रबरी नळी पेट्रोलने फुगते. टाकीचे तोंड उघडे असताना त्यात स्वच्छ फडके कोंबून ठेवले, नाहीतर गंजाचे कण थेट टाकीत.

एक बारीक गोष्ट बहुतेकांकडून सुटते. पत्र्याच्या नेकपासून गाडीच्या शरीराला एक अर्थिंगची वायर किंवा पट्टी जोडलेली असते. टाकी प्लॅस्टिकची असल्यामुळे नेकला दुसरे अर्थिंग नसते. पेट्रोल वाहताना तयार होणारी स्थिर वीज या वाटेने उतरते. या गाडीत ती वायर गंजलेल्या बोल्टाखाली होती. बोल्टाखालची जागा घासून स्वच्छ केली, वायर लावली आणि मल्टिमीटरने नेक ते शरीर तपासले. रोध नगण्य आला. पट्टीमागे परत चिखल साठू नये म्हणून तिथे मेणाचे गंजरोधक मारले.

खात्री

दिवा विझला म्हणजे काम झाले, असे या कोडच्या बाबतीत मानता येत नाही. नेक बसवल्यावर तीच पहाटेची व्हॅक्यूम चाचणी केली, काटा थांबला. स्मोक यंत्र परत करण्याआधी एकदा लावले, गोळी तळाला बसली. मगच कोड पुसला.

पुसल्यावर स्कॅनरच्या रेडिनेस यादीत, म्हणजे कॉम्प्युटरच्या कोणत्या चाचण्या पुऱ्या झाल्या त्या यादीत, इव्हॅप मॉनिटर (हीच इंधनवाफेची चाचणी) ‘अपूर्ण’ दाखवू लागला, ते अपेक्षितच होते. ताईला सांगितले की काही काळ टाकी अर्ध्याच्या आसपास ठेव, फुल करू नकोस, आणि सकाळी गाडी काढल्यावर थोडे अंतर न थांबता चालव. मॉनिटर ‘पूर्ण’ झाल्यावर यादी पुन्हा पाहिली. पेंडिंग कोड, म्हणजे एकदा नापास होऊन दुसऱ्या चाचणीची वाट पाहणारा, नाही, कायमचा नाही. टाकी त्यानंतर फुल केली तेव्हा चाकापाशी वास आला नाही.

कॅनिस्टर मी बदलला नाही. त्याच्या बाजूचा भाग घट्ट होता आणि कोळशाचे दाणे कुठे सापडले नव्हते. फक्त ताईला पेट्रोलच्या बंदुकीने टिक केल्यावरही आणखी थोडे भरून घ्यायची सवय आहे. तसे भरलेले पेट्रोल वाफेच्या नळीतून कॅनिस्टरमध्ये जाऊ शकते आणि भिजलेला कोळसा वाफ धरेनासा होतो. तशी लक्षणे, म्हणजे पेट्रोल भरताना बंदूक वारंवार बंद पडणे किंवा फुल टाकीनंतर इंजिन सुरू व्हायला त्रास होणे, अजून दिसलेली नाहीत. दिसली तर पुढचा संशयित तोच असेल.